मिठाची रेघ

"माझ्या दोस्ताच्या पोराची गोष्ट आहे. खोटी वाटली तं दर्यापूरले जाऊन भिंत पाहून या," भगवंतकाका म्हणाले. खाटेवर ते, खाली सतरंजीवर मी आणि आचल. लाइट गेलेली.

मनोज जहाजावर खलाशी. पेनांगला जहाज लागलं तेव्हा तो चिनी लोकांच्या दर्यादेवीच्या मंदिरात गेला. बायको पौर्णिमा सात महिन्यांची गरोदर; आई मैनाबाईंनी फोनवर बजावलं होतं, "कोण्याबी देवाचा असो, अंगारा आणजो."

लांब बाह्यांच्या झग्यातली देवी; तिच्या दोन बाजूंना दोन राक्षस, तिचे पहारेकरी. एक कपाळावर हात धरून लांबचं पाहणारा, दुसरा कानाशी हात नेऊन ऐकणारा. राख न्यायची तर आधी देवीला विचारायचं. पुजाऱ्यानं लाकडाचे दोन अर्धचंद्र हातात दिले. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. मनोजनं तीनदा टाकले. तिन्ही वेळा दोन्ही पालथे.

"मंग?" आचल.

"मंग काय. आपल्याकडं अंगाऱ्याले कोणी परवानगी मागते का? घेतली चिमूट, आगपेटीत."

सुट्टीत घरी आल्यावर ती पौर्णिमाच्या कपाळाला लागली. गेल्या वीस नोव्हेंबरला, अमावस्येला. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिला पाण्याच्या आवाजानं जाग आली.

"दर्यापुरात दर्या?" आचल हसली. काका हसले नाहीत.

दार आतल्या बाजूला फुटलं. दिसत कोणी नव्हतं. पौर्णिमाला केस धरून खाली ओढलं. मनोजनं तिचे पाय पकडले. त्याचा हात कोपरातून उलटा मोडला. तो ओरडला. लगेच केस सुटले आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. तो गप्प झाला.

तेही थांबलं. ऐकत होतं.

पौर्णिमा भिंतीला टेकून कण्हली... ओली पावलं तिच्याकडं वळली.

मनोजला कळलं. जो आवाज करेल, त्याच्याकडं. गप्प राहिला असता तर वाचला असता.

"राख म्या आणली," तो म्हणाला. "तिले काहून मारता? मी इकडं आहो."

मग... दात. बरगड्या. तो बोलत राहिला. शेवटी शब्दांऐवजी बुडबुडे...

मी पाय सतरंजीवर ओढून घेतले.

"डॉक्टर म्हणे, बुडून मेला. छातीत खारं पाणी. पौर्णिमाले लेक झाली, धड आहे." काका म्हणाले. "खारं तं आपलं विहिरीचंबी असते. म्हणून मी सोता पाहाले गेलो. चारी भिंती मिठानं पांढऱ्या, छताच्या वीतभर खालपर्यंत. पौर्णिमा टेकली होती, तेवढीच जागा कोरी."

"तिच्याएवढी?" आचल.

"ती पाच फुटाची आहे, पोरी." अंधारात काकांनी दोन्ही हात पसरले. "तो बाईचा आकार पार वरच्या मिठाच्या रेघेपर्यंत होता. हात असे... लांब बाह्यांचे."