रिकाम्या खिशाचा सार्जंट

पावसाची भुरभुर चुकवायला इडा मॅकब्राइड त्या दुपारी अमेरिकेतल्या फेएटव्हिलमधल्या एका बारमध्ये शिरली. शाळेत गाणं शिकवणारी ती. छावणीच्या गावातच वाढलेली, पण जवानांच्या या अड्ड्यात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

ती ओले केस पुसतेय, तोच एका दांडग्या जवानानं आपल्या पलटणीचं नाणं काउंटरवर खणकन आपटलं. लगेच सगळ्यांचे हात खिशात गेले. पलटणीत मिळालेलं नाणं ज्याच्यापाशी नसेल, त्यानं सगळ्यांना पाजायचं, असा तिथला जुना रिवाज!

एकट्या सार्जंट रॉस डेलानीचा हात रिकामा बाहेर आला. सगळे हसले, तोही हसला... पण त्याचे डोळे हसले नाहीत, हे इडानं पाहिलं.

त्यानं सगळ्यांना बियर दिली, आणि एक ग्लास तिच्याहीपुढे सरकवला.

"मी काही तुमच्या पलटणीतली नाही," ती म्हणाली.

"हजर असेल त्या प्रत्येकाला द्यावी लागते. मला नियम मोडायला लावू नका, मॅडम."

"आणि नाणं? हरवलंत?"

"तसंच समजा..."

मग नदीकाठचे रविवार सुरू झाले. मॅग्नोलियाच्या फुलांचा गोड, जडसर वास, मंद पाणी, आणि कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो नाण्यांच्या गोष्टी सांगायचा. पहिल्या महायुद्धात म्हणे एका अमेरिकी वैमानिकाला फ्रेंचांनी हेर समजून भिंतीशी उभं केलं होतं. गळ्यातल्या पिशवीतलं पलटणीचं नाणं दाखवलं म्हणून तो वाचला.

"हे खरं कशावरून?"

"कशावरूनच नाही. पण ऐकताना तू अशी बघतेस ना, की –"

एका संध्याकाळी त्यानं आपणहून सांगितलं. पॅराशूटच्या सरावाच्या उडीत त्याचा मित्र कॅल गेला. दफनाच्या वेळी कॅलच्या आईनं रॉसचा हात सोडलाच नाही, तेव्हा त्यानं आपलं नाणं तिच्या तळव्यात ठेवलं. दुसरं मागितलं तर मिळालं असतं. पण मागितलं, की कॅल गेला हे कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटायचं. इडा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसून राहिली.

उन्हाळा सरताना त्याची इटलीला, विचेन्झाच्या अमेरिकी तळावर बदली झाली. तीन वर्षांसाठी. नदीकाठी भेटल्यावर त्यानं तिला ते सांगितलं.

"माझ्यासाठी थांब, असं म्हणायचा मला हक्क नाही," तो म्हणाला.

"म्हणूही नकोस. मला थांबणं जमत नाही."

त्याचा चेहरा उतरला. इडाला हसू आवरेना.

"विचेन्झाच्या तळावर जवानांची मुलं असतील ना? त्यांची शाळाही असेल. कुणीतरी गाणं शिकवायला लागत असेल की..."

लढाईत न डगमगणारा तो गडी, शब्द जुळवता जुळवता घामाघूम झाला.

"इडा... लग्न करशील माझ्याशी?"

"किती उशीर लावलास विचारायला," ती म्हणाली, आणि त्याच्या कुशीत शिरली.