काकूचा पासवर्ड

"मी 'चुकलं' म्हणणार नाही," वकील म्हणाली आणि तिने हाताची घडी घातली.

समोर काका उभे होते, एका पायावर. दुसरा पाय मुरगळल्यामुळे पट्टीत गुंडाळलेला होता आणि त्यासाठीच ते रजा घेऊन घरी बसले होते. कोपऱ्यातल्या टेबलाखाली काकूचा कॉम्प्युटर गुरगुरत होता. त्याच्या पोटातला पंखा इतक्या जोरात फिरत होता, की काकांना आवाज चढवून बोलावं लागत होतं. तसा तो आधीच चढलेला होता म्हणा.

वकील हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती होती सातवीतून आठवीत गेलेली काकांची पुतणी. पण बोलायला लागल्यापासून ती प्रत्येकाला "पुरावा काय?" असं विचारत आली होती, त्यामुळे घरातल्यांनी तिचं बारसं पुन्हा एकदा करून टाकलं. तिचा धाकटा भाऊ सतत तिच्या मागे, म्हणून तो शेपूट. आणि काकांचा मुलगा डॉक्टर, कारण घरातली बिघडलेली (आणि काही न बिघडलेलीसुद्धा) यंत्रं तो उघडून बसे. सुट्टीत हे तिघं एका घरात आले, की त्या घराला शांतता कशी ती माहीत नसे.

"तुम्हीच त्यात कसले तरी गेम घातलेत," काका म्हणाले. "तुम्ही यायच्या आधी हा पंखा असा ओरडत होता का?"

"आम्ही यायच्या आधी तुम्हीही घरी नव्हता, काका. ऑफिसात होता."

डॉक्टरने डोळे मिटून घेतले. वडिलांशी असं बोलता येतं हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं.

"उद्या संध्याकाळी कॉम्प्युटरवाला येतोय," काका म्हणाले. "फोनवर तो म्हणाला, मुलांचीच करामत असणार. सगळं पुसून नव्याने भरू. तोवर कुणी त्याला हात लावायचा नाही. आणि तू, चहाच्या वेळी सगळ्यांसमोर चुकलं म्हणायचं. नाहीतर सुट्टीभर या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

'सगळं पुसून' हे शब्द ऐकून दारात उभी असलेली काकू मटकन खुर्चीत बसली.

काकू गोष्टी वाचत असे. मोठ्याने, माइकसमोर, दार लावून. डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांची एक शाळा होती, तिथल्या मुलांसाठी ती पुस्तकंच्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करी. तीन वर्षांचा तिचा आवाज त्या पेटीत साठला होता. गेल्या काही दिवसांत तर नवं काही रेकॉर्डच होत नव्हतं, कारण प्रत्येक राक्षसाच्या मागे आणि प्रत्येक राजकन्येच्याही मागे पंखा गुरगुरत होता. आधीचं दुसरीकडे उतरवून घ्यावं, तर कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडत होता.

"त्यात माझ्या गोष्टी आहेत हो," ती हळूच म्हणाली.

"पुन्हा वाच," काका म्हणाले. त्यांना ते खरंच सोपं वाटलं असावं.

वकिलीणबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. स्वतःवरचा आळ एक वेळ तिने सोसला असता. पण काकूचा तो पडलेला चेहरा तिला बघवेना.

गच्चीवर जाताच डॉक्टर म्हणाला, "म्हणून टाक ना चुकलं. एका शब्दात सुटतो आपण."

"आपण सुटू. गोष्टी सुटतील का? आणि जे केलं नाही, त्याचं चुकलं मी मुळीच म्हणणार नाही. तुला तो कॉम्प्युटर बरा करता येईल का, ते सांग."

"हात लावायचा नाही म्हणालेत बाबा."

"कॉम्प्युटर कुणाचा?"

"आईचा."

"मग परवानगी काकूची. चल खाली."

शेपूट आधीच जिना उतरत होता.

काका पाय दाखवायला दवाखान्यात गेले आणि काकूने खोलीचं दार उघडून दिलं. डॉक्टरने पहिल्यांदा इंटरनेटची वायर काढली. "आधी बाहेरची ये-जा बंद," तो म्हणाला. मग त्याने कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू केला, म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालू होईल असा. आणि काय आश्चर्य, पंखा चूप!

"म्हणजे पंख्याला काही झालेलं नाही," वकील म्हणाली. "कुणीतरी त्याला पळवतंय."

डॉक्टर एकेक प्रोग्रॅम तपासत गेला आणि एका ठिकाणी थांबला. 'सुपर सफाई', असं त्याचं नाव होतं. शेजारी झाडूचं चित्र.

"हा कुणी घातला? आई, तू?"

काकूने नाही म्हणून मान हलवली.

"नाव सफाई, पण हा साफ काहीच करत नाही. आपला कॉम्प्युटर हा गुपचूप परक्या कुणाच्या तरी कामाला जुंपतो. दिवसभर राबतोय बिचारा, म्हणून तापतोय."

बोलता बोलता त्याने तो प्रोग्रॅम काढला, कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप जागे होणाऱ्या प्रोग्रॅमांच्या यादीतून त्याला हाकललं आणि अँटिव्हायरसला सगळे कानेकोपरे तपासायला लावले. तिथे आणखी दोन तुकडे दबा धरून बसले होते. तेही गेले. मग वायर पुन्हा लावून कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू केला, तर खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. काकूने माइकवरून फडकं फिरवलं आणि डॉक्टरच्या केसांतूनही हात फिरवला.

जेवणं झाली. दुपारी मुलांनी आतल्या खोलीत गुपचूप पडायचं, असा घरचा दंडक होता. वकील छताकडे बघत पडली आणि चहाच्या वेळी काकांना काय काय ऐकवायचं, त्याची तिने मनातल्या मनात जय्यत तयारी केली.

चारच्या सुमाराला बाहेर पंखा गुरगुरायला लागला.

"पाहिलंत?" काका बाहेरून गरजले. "सकाळी हात लावलात ना? वाढलंय उलट!"

तो चहा वकीलबाईंना फार कडू लागला. सुपर सफाई झाडूसकट परत आली होती. डॉक्टरला तर वाटायला लागलं, की आपल्याच हातून काही राहिलं. पण वकील पुन्हा हाताची घडी घालून उभी राहिली आणि "मी म्हणणार नाही" एवढंच म्हणाली. काकू कप उचलून आत गेली.

"आपण काढला होता, तो गेलाही होता," गच्चीवर वकील येरझाऱ्या घालत होती. "म्हणजे दुपारी कुणीतरी परत घातला. दुपारी त्या खोलीत कोण होतं?"

"काका," शेपूट म्हणाला. तो भिंतीवरचा रंग नखाने उकरत होता.

"तुला काय माहीत?"

"मी पाणी प्यायला उठलो होतो. ते शब्दकोडं सोडवत होते, कॉम्प्युटरवरचं. मग खट म्हणाले. म्हणजे माउस म्हणाला. मग काका म्हणाले, 'झालं हातावेगळं.' मग परत खट."

वकिलीणबाईंच्या येरझाऱ्या जागच्या जागी थांबल्या.

हातावेगळं! काकांच्या ऑफिसात त्यांची ख्याती होती ती याच एका गोष्टीची. संध्याकाळी उठताना त्यांच्या टेबलावर एक कागद शिल्लक नसे. आलेल्या प्रत्येक फायलीवर 'मंजूर' लिहून ते मोकळे होत. नामंजूर केलं की कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहीत बसलं की टेबल तुंबतं. तोच माणूस आता पाय वर करून घरी बसला होता आणि समोरच्या पडद्यावर चौकटी उगवत होत्या. 'आपला कॉम्प्युटर धोक्यात आहे. आत्ताच साफ करायचा का?' मंजूर. 'आम्ही तुम्हाला रोज सूचना पाठवू का?' मंजूर, मंजूर!

"बाबांना सांगूया," डॉक्टर म्हणाला.

"आपण सांगितलं तर ते आणखी चिडतील. आणि पुरावा काय? शेपटाचं खट?" वकील म्हणाली. "त्यांचं त्यांना दिसलं पाहिजे. तो प्रोग्रॅम आत यायच्या आधी कुणाला तरी विचारेल, असं नाही करता येत?"

डॉक्टर विचारात पडला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"येतं की. आत्ता सगळे मालक म्हणूनच उघडतात कॉम्प्युटर. मालक एकच ठेवायचा, तो म्हणजे आई. बाकी सगळे पाहुणे. पाहुण्याने काही नवीन घालायचं म्हटलं, की कॉम्प्युटर मालकाचा पासवर्ड मागणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दवाखान्यात गेले तसा सगळा उपचार पुन्हा झाला. यावेळी काकूने कपाटातून बाहेरची हार्डडिस्क काढून दिली आणि गोष्टी उतरवायला लावल्या. तीन वर्षांचा आवाज, तो का चुटकीसरशी उतरतो! संध्याकाळ होणार होती. मध्येच सफाईबाई आल्या असत्या, तर सगळं पुन्हा तापून बंद पडलं असतं, आणि मग कॉम्प्युटरवाला आपला पुसायला मोकळा. पासवर्ड काकूने स्वतः घातला, मुलांना पाठमोरं उभं करून.

दुपारी तिघं आतल्या खोलीत पडली, पण डोळा कुणाचा लागतोय? बाहेर खट झालं. थोड्या वेळाने पुन्हा खट. मग खट खट खट.

"अहो, ऐकलंत का?" काकांचा आवाज आला. "हा कसला पासवर्ड मागतोय?"

काकू स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "कशासाठी मागतोय?"

"सफाईसाठी. रोज करतो मी. आज अडवून धरलंय यानं."

वकील दारापर्यंत पोचलीसुद्धा होती. आणि नेमका तेव्हाच पिशवी खांद्याला लावून कॉम्प्युटरवाला आत आला, वेळेच्या आधी. "काय, मुलांचे गेम का?" म्हणत त्याने पिशवी उघडायला घेतली.

"तुम्ही यातला एक तरी गेम बघितलात?" वकील त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये उभी राहिली. "न बघता पुसणार होता ना?"

"वकिले," काका दरडावणीच्या सुरात म्हणाले.

"काका, तुम्ही आत्ता काय करत होता, ते एकदा यांना सांगा. मी काहीच बोलत नाही."

काकांनी चौकटीकडे बोट दाखवलं. "धोका आहे म्हणून येतं. साफ करू का म्हणून विचारतं. मी हो म्हणतो. रोजचं काम आहे हे, हातावेगळं करतो."

कॉम्प्युटरवाल्याने वाकून झाडूचं चित्र पाहिलं. मग तो जरा ओशाळला. "साहेब, धोका आहे तो हाच," तो म्हणाला. "तुम्ही रोज त्याला आत घेताय."

खोलीत घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती. काकांनी टेबलाखाली पाहिलं. पंखा चूप होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग पुतणीकडे, आणि शेवटी काकूकडे.

"सकाळी यांनी काढलं होतं?"

"दोनदा," काकू म्हणाली. "आणि तुम्ही दोनदा त्यांच्यावर ओरडलात."

डॉक्टरने तेवढ्यात शब्दकोड्याच्या साइटला दिलेली सूचनांची परवानगीही काढून टाकली. कॉम्प्युटरवाला त्याच्या खांद्यावरून पाहत होता. "याचं काम बेस झालंय, मला करायला काही उरलं नाही," म्हणून त्याने पिशवी मिटली.

चहाला सगळे बसले. काकांनी कप उचलला, परत ठेवला. वकील हाताची घडी घालून बसली होती, सवयीने.

"वकीलबाई," काका म्हणाले, "माझं चुकलं. तुम्हा तिघांवर मी उगाच आळ घेतला. आणि तू वाकली नाहीस, ते फार बरं केलंस."

उत्तराची एवढी जय्यत तयारी होती, पण वकीलबाईंना त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. तिचे डोळेच भरून आले, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"काकूचा पासवर्ड काय आहे पण?" शेपटाने विचारलं.

"आधीनीटवाच," काकू म्हणाली. "सगळं जोडून. आता बदलावा लागणार मला."

संध्याकाळी गोष्टी उतरून झाल्या, शेवटच्या राजकन्येपर्यंत. काकू माइकसमोर बसली. दार लावायच्या आधी काका लंगडत आत डोकावले. पडद्याच्या कोपऱ्यात कसलीशी छोटी चौकट उगवली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि ती अक्षर न् अक्षर वाचली.

"वकीलबाई, जरा या इकडे," त्यांनी हाक मारली. "याला 'नाही' म्हणतोय मी. कारण लिहावं लागेल का?"

"नाही, काका."

काकांनी 'नाही' दाबलं, जरासं घाबरतच. काही झालं नाही. त्यांनी बाहेर येऊन दार हलकेच ओढून घेतलं आणि आत काकू नवी गोष्ट वाचू लागली.