उत्तरेकडचं दालन

आमच्या सान तादेओच्या चौकाला चारही बाजूंनी कमानींची दालनं आहेत, पण माझ्या लहानपणी तीनच उघडी होती. उत्तरेकडचं दालन आजोबांच्या काळातल्या भूकंपात बसलं. रविवारची संध्याकाळ होती, बँड वाजत होता, तरुण मंडळी फेऱ्या मारत होती. सापडली तेवढी माणसं बाहेर काढली. बाकीची मलब्यातच राहिली; त्यावर फरशी घालून कमानी विटांनी बुजवल्या.

ती भिंत फोडायचा हट्ट माझा. मी या गावचा आर्किटेक्ट. चौकाचा एक डोळा मिटलेला मला पाहवत नव्हता. नगरपालिकेने परवानगी दिली, पण मलबा उपसायला पैसे दिले नाहीत. त्यामुळे फरशी उंचच राहिली आणि कमानी ठेंगण्या झाल्या. आत शिरताना उंच माणसाला मान वाकवावी लागे.

त्या रविवारी मी नवा चुना कितपत सुकला ते पाहायला गेलो होतो. ऊन उतरलं होतं. फेऱ्या सुरू झाल्या होत्या, पुरुष एका दिशेने, बायका उलट दिशेने. दालन उघडल्यावर फेरीनेही आपली जुनी वाट धरली होती. आवडलेल्या मुलीला पुरुष फूल देतो. नको असेल तर पुढच्या फेरीत ती परत करते. हवं असेल तर दिशा बदलून त्याच्या बरोबरीने चालू लागते. आमच्याकडे लग्नं अशीच ठरतात.

माझी मुलगी ओब्दुलियाही त्या फेरीत होती. पस्तिशी उलटलेली, रिकाम्या हातांची. बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती गेली तर माझं कसं होईल, या विचाराने मला घाम फुटत असे.

"साहेब, लाडू वाटा!" फुलवाली टोमासाबाई हसत ओरडली. "पोरीच्या हातात फूल आलं बघा!"

ओब्दुलिया समोरून गेली. हातात गार्डेनियाचं पांढरं फूल. चेहऱ्यावर असं हसू मी तिच्या आईच्या जाण्याआधी पाहिलं होतं.

"कुणी घेतलं गं तुझ्याकडून?" मी टोमासाबाईला विचारलं.

ती फुलाकडे बघत होती. तिचं हसू ओसरलं. "ते माझ्या टोपलीतलं नाही. मी पानात गुंडाळून देते. ते तारेने बांधलंय... माझी आजी बांधायची तसं."

ओब्दुलिया उत्तरेच्या दालनात शिरली. पलीकडच्या टोकाने बायकांची रांग बाहेर आली, तिच्यामागची मुलगीसुद्धा आली. ओब्दुलिया आली नाही.

मी तिकडे निघालो. पहिल्या कमानीखाली मान वाकवली आणि बँडचा आवाज कुणीतरी दार लावून घ्यावं तसा बंद झाला. ओल्या चुन्याचा वास होता, त्यात गार्डेनियाचा. गारवा इतका, की श्वास दिसत होता. फेरीतलं दुसरं कुणी फरशीवर नव्हतं, आणि पावलं वाजत होती. पुष्कळ पावलं, खालून... फरशीच्या खालून.

ओब्दुलिया माझ्याकडे पाठ करून चालली होती. पुरुषांच्या दिशेने. भिंतीकडच्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून.

"ओब्दुलिया..."

"हळू बोला बाबा... बाजूला व्हा. त्यांची फेरी अडतेय."

"कुणाची?"

ती चालत राहिली. मी धावलो, तिच्या हातातलं फूल हिसकावलं आणि अंधाराकडे भिरकावलं. ते पडल्याचा आवाज आला नाही. पावलं मात्र थांबली, एकदम, सगळी. मग बँड ऐकू आला. मी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. ती आली, निमूटपणे.

टोमासाबाई टोपली सोडून उभी होती. "परत केलं?"

"केलं."

"कुणी?"

"मी."

तिने दालनाकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जिच्या हाताने घेतलं, तिच्याच हाताने परत करायचं असतं, साहेब... इथे जन्म गेला तुमचा. हे मी सांगायचं का तुम्हाला?"

त्याच आठवड्यात मी कमानी पुन्हा बुजवल्या. साहेबांनीच उघडलं, साहेबांनीच मिटलं, असं गाव हसलं. हसू दे. माझी मुलगी घरात आहे.

ती आता चौकात जात नाही. रविवारी बँड सुरू झाला, की ताटावरून उठते आणि आमच्या अंगणात फेऱ्या मारते. पुरुषांच्या दिशेने. उत्तरेच्या कोपऱ्यात आली की मान वाकवते. तिथे डोक्यावर आभाळाशिवाय काही नाही.

एकदा मी विचारलं, "का गं वाकतेस?"

"कमान लागते, बाबा."

"तू फूल परत केलं असतंस ना गं?"

"नाही," ती म्हणाली.

अंगणाच्या भिंतीला मी दर सोमवारी नवा चुना लावतो. ती चालताना भिंतीकडे जी जागा सोडते, तिथला चुना रविवारी रात्रीपर्यंत खांद्याच्या उंचीवर घासून निघालेला असतो. ओब्दुलियाची बाही मात्र स्वच्छ असते.