निळ्या बाटलीतली काकडी

समुद्राचा वास रत्नागिरीत विकत कोण घेतं? पुण्या-कोल्हापूरचा पाहुणा घेईल एखादा. त्या दुपारी एक माणूस निळी बाटली काउंटरवर ठेवून म्हणाला, "ह्यात समुद्र कुठाय, जरा दाखवाल का?" म्हणून मृणालीला आधी वाटलं, आला कुणीतरी टवाळ!

दुकान राम आळीतलं, अत्तरं आणि सेंटचं, तिच्या आत्मारामकाकांचं. दुपारी काका जेवायला म्हणून घरी जायचे आणि झोप काढूनच परतायचे. तोवर दुकान पुतणीच्या भरवशावर. आणि पुतणीचं नाक म्हणजे काय सांगावं! केमिस्ट्रीची पदवी होतीच, शिवाय बाबा बोटीवर, ते बंदराबंदरातून लेकीला अत्तराच्या कुप्या आणायचे. गिऱ्हाईक दारात आलं की ते भाजी मंडईतून आलं की दवाखान्यातून, हे ती डोळे मिटून सांगायची.

"समुद्र? बाटलीवर लिहिलाय ना," ती म्हणाली.

"लिहिलाय हो. पण मी मिरकरवाड्याचा. मासळीच्या जेटीजवळ बर्फाचा कारखाना आहे आमचा. समुद्र मला ओळखू येतो. ह्या बाटलीत काकडी आहे."

मृणालीने कागदाची पट्टी काढली, एक फवारा मारला, पट्टी हलवली आणि नाकाशी नेली. अगं बाई... काकडीच की! नुकती सोललेली, ताजी ताजी.

तिला हसू आवरेना.

"हसताय काय? माझ्या लग्नाचा प्रश्न आहे," तो म्हणाला खरा, पण त्याच्याही ओठांचा कोपरा हलला. "मागे लांज्याला मुलगी बघायला गेलो. मी सोफ्यावर टेकतोय तोच मुलीच्या मामाने पंखा पाचवर केला. आत्या म्हणाली, मासळीचा वास आला असणार त्यांना. म्हणून तिने ही बाटली नेली तुमच्याकडून. आता पुढच्या पंधरवड्यात राजापूरला जायचंय. तिथे काय कोशिंबीर होऊन बसू?"

"मग चंदन घ्या. नाहीतर खस."

"छे! बर्फवाल्याला चंदन म्हणजे सोंग वाटेल. समुद्रावरच्या माणसाला समुद्राचाच वास यायला हवा. फक्त जरा... धुतलेला."

धुतलेला समुद्र! मृणालीला ते इतकं आवडलं, की तिने मागच्या फळीवरच्या सगळ्या निळ्या बाटल्या खाली काढल्या.

त्याचं नाव सुजय. त्यानंतर तो दर एक-दोन दिवसांनी यायला लागला. आंघोळ करून, भांग पाडून, आदल्या खेपेच्या बाटलीतलं मनगटावर चोपडून. मृणाली पट्टी पुढे करायची, तो डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा.

"कलिंगड."

"आणि ही?"

"टूथपेस्ट."

"ही बरी आहे, बघा."

"ही... थांबा... आत्याने आत्ताच पुसलेली फरशी!"

आणि गंमत म्हणजे दर वेळी त्याचं खरं असायचं. मृणालीच्या डोक्यात मग किडाच वळवळायला लागला. असं का? इतक्या बाटल्या, इतकी नावं, प्रत्येकीवर लाट काढलेली, आणि आत बघावं तर फळबाजार! तिने शोधून काढलं, वाचलं आणि पुढच्या खेपेला त्याला ऐकवलं.

"एक रसायन आहे. कलिंगडासारखा वास येतो त्याला. थोडं घातलं की लोकांना म्हणे समुद्रकाठचा वारा वाटतो. मग सगळ्यांनी तेच घातलं."

"ज्याने पहिल्यांदा घातलं, त्याने समुद्र बघितला होता का?"

"बघितला असेल. हुंगला नसेल."

दोघंही खदखदून हसली. इतके वास घेऊन तिचं नाक बधिर झालं होतं. तिने सवयीने हात दुमडला आणि कोपराच्या खोबणीत नाक खुपसलं.

"हे काय?"

"नाक थकलं की असं करायचं. आपला वास आपल्याला कळत नाही ना, म्हणजे नाकाला तेवढीच सुट्टी."

सुजयनेही शर्टाच्या बाहीत नाक खुपसलं. वर नुसते डोळे. ते तिच्याकडे बघत होते.

"माझ्या कोपराला मासळीचा वास येतो का हो?"

"मला काय माहीत! तुम्ही येता तेच सेंट मारून."

बोलून गेली, आणि मग तेच तिच्या मनात अडकलं. खरंच की! बाजारातल्या यच्चयावत माणसांचे वास तिला पाठ, पण ह्या माणसाचा स्वतःचा वास कसा, हे ठाऊक नाही. काकडी बाजूला केली, कलिंगड काढलं, तर खाली काय असेल? शी! मृणाली, काय हा विचार! तिने बाटल्या पुसायला घेतल्या. एकच बाटली ती बराच वेळ पुसत होती.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दोघं भाट्याच्या किनाऱ्यावर गेली. कल्पना त्याची. खऱ्या समुद्राचा वास कसा येतो ते एकदा नीट बघू या, मग बाटलीत शोधू. मृणालीने पर्समध्ये पट्ट्यासुद्धा घेतल्या होत्या, तुलना करायला. ऑक्टोबरचं ऊन उतरलं होतं, सुरूच्या झाडांतून वारा येत होता. दोघं वाळूत बसली आणि शहाण्या मुलांसारखे डोळे मिटले.

"येतोय?" त्याने विचारलं.

"...नाही."

"मलापण नाही."

"जरा जोरात श्वास घ्या."

घेतला. काही नाही. वारा आला, ओल आली, वाळूचा एक कण नाकात गेला, पण वास म्हणाल तर नावाला नाही. तेवढ्यात मागून एक कोल्हापूरच्या काकू आल्या. चपला हातात, साडी वर खोचलेली. "आहाहा! काय वास सुटलाय गं बाई समुद्राचा!"

मृणाली ताडकन उठली. "काकू, कसा येतोय हो?"

"कसा म्हंजे? खारट... ओला... आता कसं सांगू बाई? तुला ईना व्हय?"

काकू पुढे गेल्या. मृणाली मटकन खाली बसली. "जन्म गेला इथे, आणि आपल्यालाच येत नाही! रोजचाच झालाय ना. नाक म्हणतं, हा घरचाच, ह्याची काय दखल घ्यायची?"

"म्हणजे मासळीचंही तेच," सुजय विचारात पडला. "राजापूरवाल्यांना माझा वास येणार, तुम्हाला येणार नाही. मग मी मुलगी रत्नागिरीतलीच बघायला हवी होती."

तो हसत म्हणाला. तीही हसली. आणि मग दोघंही एकदमच हसायची थांबली. मृणालीचे कान तापले. तिने ओढणीवरची वाळू झटकली — तिथे वाळू नव्हती. त्या संध्याकाळी घरी जाताना तिला पुरतं कळून चुकलं, की तिला हा माणूस हवा आहे. आणि तो येत्या रविवारी दुसरीला बघायला निघाला आहे, तेही तिच्याच दुकानातलं अत्तर लावून!

शनिवारी तो शेवटची बाटली न्यायला आला. त्याच आठवड्यात मुंबईहून एक नवी बाटली आली होती. कलिंगड कमी, किंचित मीठ, खाली थोडा खस. बाकीच्यांत त्यातल्या त्यात बरी. मृणालीने ती खास त्याच्यासाठी म्हणून खणात ठेवली होती. तिचा हात खणाकडे गेला... आणि तिथून वर फळीकडे गेला. तिने सगळ्यात भडक कलिंगडवाली उतरवली.

"हीच न्या. चार फवारे मारा. पाच मारलेत तरी चालतील."

"नक्की?"

"नक्की."

त्याने क्षणभर तिच्याकडे बघितलं. काही बोलायचं होतं बहुतेक. मग बाटली खिशात घातली आणि गेला. आता तुम्ही मृणालीला नावं ठेवाल. ठेवा हो, तिनेही ठेवली. रविवारभर घरात तिचं कशात लक्ष नव्हतं. डाळ करपली, तेसुद्धा आईने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. इतकं नाक असून!

सोमवारी दुकानात एक बाई शिरल्या. ठसठशीत कुंकू, हातात पेढ्यांचा पुडा. "काय गो बाय, मृणाली तूच ना? मी सुजयची आत्या, यमुनाबाई. तोंड गोड कर! राजापूरवाल्यांचा होकार आला. मी म्हटलंच, ही सगळी तुझ्या बाटलीची करामत! पंखा एकवर होता गो, एकवर! आणखी एक बाटली दे, साखरपुड्याला लागेल."

मृणालीच्या हातात पेढा तसाच राहिला.

"आणि... ते काय म्हणाले?"

"तो मेला काय म्हणतो! काल रात्रीपासून तोंडात गुळणी धरून बसलाय. आज संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचंय. मी सांगून टाकते हो म्हणून. असली मुलगी परत मिळायची नाही."

यमुनाबाई गेल्या. काका अजून झोपून आले नव्हते. मृणालीने शटर अर्ध्यावर ओढलं आणि समोरून जाणाऱ्या रिक्षाला हात केला. "मिरकरवाडा. लवकर चला हो!"

कारखान्यात बर्फ फोडणारा क्रशर धडधडत होता. सुजय बनियनवर, डोक्याला पंचा गुंडाळून बर्फाच्या लाद्या आत ढकलत होता. ती दिसली तशी त्याच्या हातातली लादी निसटून फरशीवर घसरत गेली.

"तुम्ही? इथे?"

"मी मुद्दाम वाईट बाटली दिली तुम्हाला!" मृणाली ओरडून म्हणाली, त्या आवाजात दुसरा इलाज नव्हता. "चांगली खणात होती! तुम्हाला नकार यावा म्हणून दिली!"

"काय?"

त्याने जाऊन क्रशर बंद केला. सगळं एकदम शांत झालं. ओरडून सांगणं सोपं होतं हो. आता साध्या आवाजात सांगायचं होतं.

"राजापूरला हो म्हणू नका," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता. खूप. काकडी आणलीत ना, त्या दिवसापासून बहुतेक. मी फसवलं तुम्हाला, रागावलात तर रागावा, पण... हो म्हणू नका."

सुजयने डोक्याचा पंचा सोडला आणि त्याला हात पुसले.

"मी ते लावलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"निघताना बाटली उघडली, आणि तुमचं दुकान डोळ्यांसमोर आलं. तुम्ही पट्टी हलवताय, हसताय... म्हटलं, हा वास अंगाला लावून दुसरीच्या घरी पोहे कसे खायचे? नुसता साबण लावून गेलो. आत्याला वाटलं, बाटलीची करामत. मी म्हटलं, वाटू दे."

"आणि मासळी? लांज्याचा मामा?"

"त्याला उकडत असेल."

मृणालीला हसूही आलं आणि रडूही. "मग नकार का नाही कळवलात?"

"मुलगी चांगली आहे हो. हुशार आहे. अर्धं मन घेऊन आलेला नवरा तिच्या गळ्यात कशाला बांधायचा, एवढं कळत होतं. पण नकार देऊन तुमच्याकडे यायचं, आणि तुम्ही म्हणालात, 'या, कुठली बाटली दाखवू?'... तर? धीर होत नव्हता."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. यमुनाबाईंचा आवाज तो कानाला न लावताही ऐकू येत होता. "अरे, सांगू ना त्यांना हो म्हणून?"

"नको, आत्या. नाही म्हणून सांग. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी, माफी मागतो. पण नाही."

"का? काय खोट काढलीस आता?"

सुजयने मृणालीकडे बघितलं. तिने मान डोलावली.

"खोट नाही काही. मला दुकानातली मृणाली हवी आहे."

पलीकडून आत्या कडाडली, "अरे मेल्या, मग हे आधी बोलायला काय धाड भरली होती? उगाच लोकांच्या पोरीला ताटकळत ठेवलंस! संध्याकाळी घेऊन ये तिला घरी." फोन खाडकन बंद.

मृणाली एक पाऊल पुढे आली.

"एक काम राहिलंय माझं. तुझा वास घ्यायचाय."

"आत्ता?" तो मागे सरकला. "सकाळपासून राबतोय इथे. घामाने नुसता..."

"म्हणूनच."

तिने डोळे मिटले आणि त्याच्या खांद्याजवळ नाक नेलं. तो श्वास धरून, हात अंगाला चिकटवून उभा. मृणालीने सावकाश श्वास घेतला. मग पुन्हा एकदा.

"मासळीचा वास येतो?" त्याने भीत भीत विचारलं.

"येतो थोडा. बर्फाच्या मशिनच्या अमोनियाचा येतो. डिझेलचा, साबणाचा..."

"आणि?"

"आणि अजून एक काहीतरी आहे." तिच्या कपाळाला आठी पडली. "त्याचं नाव काही सापडत नाहीये."

"तुला? सापडत नाही?"

"नाही ना! परत यावं लागेल."

"कितीदा?"

"रोज. सापडेपर्यंत."

"आणि सापडलं की?"

मृणालीने डोळे उघडले.

"सापडलं तरी तुला सांगणार नाही."