आत्याच्या गुडघ्याच्या मापाची गाडी

अश्विनीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो शोरूममधल्या सगळ्यात मोठ्या एसयूव्हीच्या मागच्या दाराशी उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात सुतळी होती.

नगरजवळच्या केडगावात अश्विनी गाड्या विके त्या शोरूममध्ये तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं येत. कुणी बॉनेटवर थाप मारून बघे, कुणी डिकीत डोकं घाली, तर कुणी एसीत बसून चहा पिई आणि घरी विचारून सांगतो म्हणून निघून जाई. सुतळी घेऊन आलेला मात्र हा पहिलाच. दिसायला नाव ठेवायला जागा नव्हती. उन्हाने रापलेला रंग, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कपाळावर उतरलेले केस... सुतळीचं एक टोक त्याने फरशीला टेकवलं होतं, दुसरं फूटबोर्डापाशी धरलं होतं आणि तो खिन्नपणे मान हलवत होता.

"काय मोजताय?" अश्विनीने विचारलं.

तो दचकून उठला आणि डोकं दाराला आपटलं.

"आत्याचा गुडघा," तो डोकं चोळत म्हणाला.

मग सगळा उलगडा झाला. त्याचं नाव अमृत. काष्टीचा. घरची लिंबाची बाग. गोजरबाई ही त्याची सख्खी आत्या. तरुणपणीच कपाळ पांढरं झालं म्हणून माहेरी आली आणि भावाची पोरं वाढवता वाढवता तिथेच म्हातारी झाली. आता तिचे गुडघे गेले होते. अंगणातून ओट्यावर चढायची एक पायरी तेवढी तिला जमे. सुतळीला मारलेली गाठ म्हणजे त्या पायरीची उंची.

"ह्या गाठीच्या वर गेलं की आत्या घरीच ऱ्हाती," तो म्हणाला. "जीप हुती तेव्हा सगळं घर जेजुरीला गेलं, लग्नांना गेलं. ती आपली म्हणायची, मी घर राखीते."

इंजिन, मायलेज, एअरबॅग यांवर कसं बोलायचं हे अश्विनीला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. आत्याच्या गुडघ्यावर काय बोलायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. ती त्याला कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे सरकत्या दाराची बुटकी, लांबोडकी व्हॅन उभी होती. रुबाब म्हणाल तर काही नाही. शोरूममधली पोरं तिला पावाची लादी म्हणत. अमृतने सुतळी लावली. गाठ उंबऱ्याच्या बोटभर वरच राहिली. तो हसला, आणि अश्विनीला ते हसू आवडलं. उगाच कशाला लपवायचं, फार आवडलं.

"घरात माणसं किती?" तिने कामाचा प्रश्न विचारला.

"सात." मग जरा थांबून, "सध्या."

"सध्या म्हणजे?"

"म्हणजे... वाढतील की कधीतरी."

"लहान माणूस वाढणार की मोठं? सीट त्याप्रमाणे बघावी लागते."

"मोठंच. आधी मोठं..." म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले, आणि अश्विनीला व्हॅनच्या आरशावर एकाएकी काहीतरी पुसायचं राहिलंय असं वाटू लागलं.

त्या दिवशी जाताना त्याची नजर डिलिव्हरीच्या टेबलावर गेली. नवी गाडी हलवण्याआधी चारी चाकांखाली लिंबं ठेवायची, हे आपल्याकडे कंपनीच्या कागदांपेक्षा महत्त्वाचं. शोरूमने आणलेली लिंबं वाळून कडक झाली होती. लिंबाच्या बागेवाल्याला ते बघवेना. असली लिंबं चाकाखाली ठेवली तर गाडी रुसेल, असं म्हणून तो गेला आणि पुढच्या खेपेला पिशवीभर रसरशीत लिंबं घेऊन आला.

झालं. लिंबांचं निमित्त मिळालं. गिऱ्हाईक चौकशीला एकदा येतं, दोनदा येतं. हा गाडीचा रंग विचारायलाही काष्टीहून येई, आणि रंग पहिल्याच दिवशी पांढरा ठरलेला. शेजारच्या टेबलावरचा हर्षल त्याला लांबून बघितलं की "मॅडम, तुमचं सरबत आलं" म्हणे. अश्विनी त्याच्यावर डोळे वटारी आणि ओढणी सारखी करी.

तिचंही एक होतं. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी सावेडीच्या मैदानावर तिला गाडी शिकवली, आणि तेव्हापासून स्टिअरिंग हातात आलं की तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटे. घरी तिने ठणकावून सांगितलं होतं, खेडं नको. जिथे सुनेने मागच्या सीटवर डोक्यावर पदर घेऊन बसायचं, ते घर नको. चांगली बागायतदार स्थळं तिने परतवली होती. तेव्हा हे काय चाललंय, असं ती रोज स्वतःला विचारी आणि रोज स्वतःला सांगे की काही नाही, लिंबं आहेत.

एका दुपारी तिच्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला.

"पोरी, मी आबासाहेब. अमृतचा बाप बोलतोय."

म्हातारा बराच वेळ बोलला. जमीन आहे, पाणी आहे, पोरगा निर्व्यसनी आहे, पण शेतकरी म्हटलं की पोरगी द्यायला कुणी तयार होत नाही. तीन वर्षं जोडे झिजवले. आता बेलापूरचे पाहुणे रविवारी घर बघायला यायला तयार झालेत. मोठी माणसं आहेत. मध्यस्थाकरवी त्यांनी दारात गाडी कोणती हेही विचारून घेतलं. आणि हा पठ्ठ्या व्हॅन घ्यायची म्हणून अडून बसलाय.

"दारात मोटी गाडी पायजे बघ. त्वा सांगितलं तर तो ऐकंल," आबासाहेब म्हणाले. "घरात उठता-बसता तुजंच नाव घेतो."

फोन ठेवल्यावर अश्विनी नुसती बसून राहिली. तिला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. मोठी गाडी म्हणजे बेलापूरची मुलगी, इतका सरळ हिशेब होता. आणि ती गाडी विकायची होती तिलाच.

दुसऱ्या दिवशी अमृत आला. अश्विनीने त्याच्या डोळ्यांकडे न बघता एसयूव्हीचं कौतुक सुरू केलं. रस्ता कसाही असो, दणका बसत नाही. दारात उभी राहिली की घराची शोभा वाढते. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आणि आत्या?"

"एखादं स्टूल ठेवता येईल..."

"तुमी बोलताय का कंपनी बोलतीय?"

"रविवारी पाहुणे येणार आहेत ना तुमच्याकडे?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

तो लिंबाच्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

"मी नको म्हटलं हुतं. पण आबा म्हणतात, कारण सांग." त्याने मान वर केली. "काय कारण सांगू, अश्विनी?"

मॅडम नाही, अश्विनी.  तेव्हाच एक शब्द बोलली असती तर... पण म्हाताऱ्याचा आवाज कानात होता, तीन वर्षांचे झिजलेले जोडे डोळ्यांसमोर होते, आणि खेडं नको म्हणणारीही तीच होती.

"मोठीच घ्या," ती माहितीपत्रकाकडे बघत म्हणाली.

तो लिंबं टेबलावर ठेवून निघून गेला. त्या संध्याकाळी अश्विनीने हर्षलला विनाकारण झापलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

आबासाहेबांना आता दम निघेना. गाडी एकदा दारात आणून दाखवा, घरातल्यांना बसवून फिरवा, असा त्यांचा निरोप आला. शनिवारी सकाळी अश्विनी टेस्ट ड्राईव्हची एसयूव्ही घेऊन एकटीच काष्टीला गेली. कारखान्यांचा हंगाम होता. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला होता. वाटेत तिने मनाशी पक्कं केलं की गाडी दाखवायची, हसून बोलायचं आणि परत यायचं.

पण गोजरबाईचं काही वेगळंच ठरलेलं होतं. आबासाहेबांनी गावभर मोठी गाडी येणार म्हणून सांगून ठेवलेलं. गाडी नुसती बघायला आणतात आणि परत नेतात हे गोजरबाईच्या गावीही नव्हतं. अश्विनी खाली उतरते न उतरते तोच बायकांचा घोळका आला. आरतीचं ताट आलं. बॉनेटवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक उमटलं. नारळ फुटला.

"आत्या, ही गाडी अजून—"

"हलू नगं, कुकू लावू दे," गोजरबाईने तिची हनुवटी धरली, तिलाही कुंकू लावलं आणि ओवाळलं. "बाईमानूस गाडी घिऊन आली दारात. लई ग्वाड वाटलं बघ. आता घाल चाकं लिंबावरनं."

आबासाहेब फोनवरून बोलत मागच्या दाराने बाहेर आले, तोवर चारी लिंबं फुटली होती. त्यांनी कपाळाला हात लावला. ओट्यावर उभ्या असलेल्या अमृतला हसू आवरेना. अश्विनीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिलाही आवरेना. ही गाडी शोरूमची आहे, परत जायची आहे, हे गोजरबाईला समजावता समजावता सगळ्यांना घाम फुटला.

"मग एक फेरी तरी मारू," गोजरबाई म्हणाली. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

सगळे तिला आधी बस म्हणाले. तिने दाराला धरून पाय उचलला. पोचला नाही. पुन्हा उचलला. अमृतने धावत जाऊन पाट आणून ठेवला. पाटावर ती चढली, पण तिथून पुढचा पाय काही जाईना. गुडघा थरथरायला लागला. मग तिने पाय खाली घेतला आणि दारावर हलकेच थोपटलं.

"तुमी या फिरून. मी घर राखीते."

आवाजात तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. आयुष्यभर हेच म्हणायची सवय झालेल्या बाईचा तो आवाज होता. अश्विनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मनाशी पक्कं केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

"आबा," ती म्हणाली, "ही गाडी तुमच्या घरासाठी नाही. मी तुम्हाला ती विकणार नाही."

"आन् उद्याच्या पाव्हन्यांला काय सांगू?"

"गाडी बघून मुलगी देणारे पाहुणे, आबा... त्यांना वाटेत आणखी मोठी गाडी दिसली तर?"

आबासाहेब चिडले नाहीत. ते ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि थकल्या आवाजात म्हणाले, "तुला बोलाया सोपं हाय, पोरी. त्या सरकत्या दाराच्या डब्याकडं बघून कोन यील माज्या घरात? सांग की. कोन यील?"

 अमृत पाटाकडे बघत उभा होता. अश्विनीच्या तळव्यात किल्ली रुतत होती. आता गप्प बसलं तर उद्या बेलापूरचे पाहुणे येतील, आणि मग जन्मभर गप्पच बसावं लागेल, हे तिला लख्ख कळलं.

"चालवायला मला मिळणार असेल तर..." ती म्हणाली, "मी येईन."

अमृतने झटकन मान वर केली. आबासाहेबांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली.

"तुज्या घरी इचारलंस?"

"घरचं नंतर." अश्विनीचा चेहरा कुंकवासारखा लाल झाला होता. "आधी मला तरी कुणी विचारलंय कुठे?"

म्हाताऱ्याने लेकाकडे असं काही पाहिलं की त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग आबासाहेब फोन काढून बागेकडे चालू लागले. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतो, एवढंच ते जाता जाता पुटपुटले.

अश्विनीने निघण्यासाठी गाडीचं दार उघडलं, तर गोजरबाई आडवी आली.

"पुजलेली गाडी रिकामी धाडत न्हाईत दारातनं. घरातलं एक मानूस बसून गेलं पायजे. जा रं अमृत, नगरापत्तुर जा."

तो शेजारच्या सीटवर येऊन बसला. गाव मागे पडलं. पुढे उसाची ट्रॉली डुलत चालली होती, आणि रस्ता मोकळा असूनही अश्विनी तिच्या मागेमागेच गाडी नेत होती.

"ओव्हरटेक करा की," तो बऱ्याच वेळाने म्हणाला.

"घाई नाही मला."

"अश्विनी, मला हजारदा विचारायचं हुतं. पन तुमी शहरातल्या... मला वाटलं, काष्टीला काय याल तुमी."

"मलाही तसंच वाटत होतं. नोकरी मी सोडणार नाही हं. रोज नगरला येईन-जाईन."

"सोडू नका. मी डबा करून दीन."

"येतो करता?"

"आत्यानं शिकवलंय सगळं." तो तिच्याकडे वळून बसला. घसा खाकरला, दोनदा. "माझ्याशी लग्न कराल?"

अश्विनीने गिअर कमी केला. ट्रॉली आणखी थोडी पुढे गेली.

"पुन्हा विचारा," ती म्हणाली. "इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही."

आवाज काहीच नव्हता. तरी त्याने पुन्हा विचारलं.