दोन एमबीच्या आत

झालापा शहरात सरकारी वकिलांच्या कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नावाला झेरॉक्स, खरं काम फायली हलक्या करण्याचं. कचेरीच्या वेबसाइटला दोन एमबीच्या वरचं काही चालत नाही. आणि हीच कचेरी प्रत्येक कागदाच्या कोऱ्या पाठीवर 'मजकूर नाही' असा शिक्का मारते, वर ती पाठही स्कॅन करून मागते. आता बोला!

मंगळवारी दुपारी दोन वाजता ओब्दुलिया आली. कॉफीच्या मळ्यात राबणारी, पन्नाशीची बाई. तिचा मुलगा निवार्दो तीन वर्षांपूर्वी कामावर गेला, तो परतलाच नाही. आज तीनच्या आत कागद चढले नाहीत तर कचेरी त्याचा शोध बंद करणार होती.

"आत्ता जाग आली होय?" मी खेकसले.

"सकाळपासून त्यांच्याच रांगेत होते हो, चोलेबाई. आत्ता सांगतात, समोर जा, फाइल बारीक करून आण."

माझी मलाच लाज वाटली. तिला स्टूल दिलं आणि कामाला लागले.

अडतीस एमबी. रंग काढले, शिक्के फिके केले. साडेचारवर आलं आणि तिथंच अडलं. एकेक पान काढून पाहिलं, तर सगळं वजन फोटोच्या पानात. फोटोशिवाय अर्ज घेत नाहीत. बेकरीच्या भिंतीपुढे निवार्दो उभा होता, हनुवटी वर, हात खिशात, वीस वर्षांचा. फोटो अर्धा केला. साडेचार. पोस्टाच्या तिकिटाएवढा केला. साडेचारच. चौदा वर्षं मी हेच करतेय, असं कधी झालं नव्हतं.

"जन्मला तेव्हाही साडेचार किलोचा होता," ओब्दुलिया म्हणाली. "सुईण घाबरलीच."

पावणेतीन झाले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं, तेच.

तेव्हा ती उठली आणि पडद्यावर तळवा ठेवला.

"अंग चोर रे राजा. थोडंच जायचंय."

मग माझ्याकडे वळून ओशाळं हसली. "कॉम्बी गाडीत असंच म्हणायचे त्याला. चौघांच्या बाकावर आम्ही सहा. लगेच ऐकायचा हो पोरगा."

मी माउसला हात लावला नव्हता. आकडा उतरायला लागला.

चार. तीन. एक पूर्णांक नऊ.

तीनला पाच मिनिटं कमी असताना अर्ज चढला. पोच आली. ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मीही रडले. मग तिला एक प्रत द्यावी म्हणून मी फाइल उघडली.

फोटोत निवार्दो बसलेला होता.

गुडघे छातीशी घेतलेले. मान एका बाजूला मुडपलेली, वर जागा नसल्यासारखी. बेकरीची भिंत नव्हती. दोन्ही खांद्यांना काळं काहीतरी घट्ट भिडलं होतं.

मी फाइल बंद करायला गेले. तिनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या." ती खूप वेळ बघत राहिली. "म्हणा ना त्याला, झालं आता. ऊठ म्हणावं."

मी म्हणाले. दोनदा म्हणाले. तो तसाच बसून राहिला.

मग तिनं शालीचं टोक जिभेनं ओलं केलं आणि पडद्यावर त्याच्या केसांतली माती पुसायला लागली.

काच स्वच्छ होती. शालीचं टोक मात्र काळं होत गेलं.