वळणावरचे पट्टे

तो मोबाईल पालथा ठेव आधी. आणि तू दारात बसू नकोस, आत सरक. भीती नाही दाखवत, वारं येतंय. खरंखोटं करायचं असेल तर माझ्या साडूला विचारा, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला. पण तो सांगायचा नाही. हा विषय निघाला की तहान नसताना पाणी प्यायला उठतो.

साडू नगरपालिकेत मुकादम होता. रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या टोळीचा मुकादम. माणूस नाकासमोर चालणारा. साहेब म्हणाले रात्र आहे, तर हा भर दुपारी दिवा लावणार. दिवसा रस्ता बंद करता येत नाही, म्हणून पट्ट्यांचं काम रात्रीचंच. मार्चमधला दुसरा मंगळवार होता. साडेदहाला जेवून निघाला तेव्हा मुलगी अभ्यास करत होती. जाताजाता तिच्या डोक्यावर टपली मारली आणि बाहेर पडला. काम घराजवळच होतं, शाळेच्या वळणापाशी.

त्या वळणाचं रामायण ऐका आधी. अलीकडे वस्ती, पलीकडे शाळेचं फाटक, आणि पुलावरून उतरणारी वाहनं मधून सुसाट. सगळी पोरं तिथूनच ओलांडायची. वस्तीत कपडे शिवणारी एक बाई राहायची. नगरपालिकेत महिन्यातून एकदा लोकांच्या तक्रारी ऐकत, तेव्हा ही हजर. कामावरून तशीच उठून यायची, गळ्यातली मापाची टेप काढायचंही भान नसायचं. म्हणायची, "साहेब, वळणावर पट्टे मारा. पोरं जीव मुठीत धरून ओलांडतात."

साहेब म्हणायचे, "बाई, नियम आहे. अपघाताची नोंद असेल तिथेच पट्टे मिळतात. तुमच्या वळणावर आजवर कुणी गेलेलं नाही."

मग गेलं. तीच गेली. शिवलेले कपडे पोचवायला निघाली होती, भर सकाळी ट्रकखाली आली.

पुढच्याच बैठकीत पट्टे मंजूर. वरातीमागून घोडं! बरं, मंजूर केले तर नीट मारा ना? पण पट्टे आले की आजूबाजूला गाड्या लावता येत नाहीत. वळणावर फर्निचरचं दुकान, दारात गिऱ्हाइकांच्या गाड्या, आणि दुकानदार नगरसेवकाचा जावई. झालं! नकाशावर पट्टे सरकले ते वळणापासून पार पुढे, जिथून कुत्रंसुद्धा ओलांडत नाही. मला अजून राग येतो.

साडूला हे सगळं माहीत होतं. त्याची स्वतःची मुलगी त्याच वळणावरून शाळेत जायची. बायकोनं टोकलंही होतं. हा म्हणाला, "नकाशात आहे तिथेच मारणार. स्वतःच्या पोटावर पाय मारून घेऊ का?"

तर त्या रात्री टोळीनं नारिंगी कोन लावून रस्ता दोन्हीकडून बंद केला. गाडीवरची भट्टी पेटवली. हा रंग डब्यातून काढून फासायचा नसतो. पावडर वितळवून कढत ओतावी लागते, आणि अर्ध्यात सोडली तर भट्टीतच दगड होतो. नकाशातल्या जागेवर दोरी ताणून खडूच्या रेघा मारून झाल्या. वळणाकडचा एक कोन आडवा झालेला दिसला, म्हणून साडू तो सरळ करायला एकटाच गेला.

दुकानासमोर फुटपाथच्या कडेला एक बाई उभी होती. दिवा पाठीमागे, मान खाली. रस्ता ओलांडायला थांबतात तशी.

"ओलांडा ताई," हा म्हणाला. "रस्ता बंद आहे. गाडी येणार नाही."

"पट्टे नाहीत."

"पट्टे तिकडे पुढे होतायत. तिकडून जा हवं तर."

"तिकडून कोण जातं?"

रात्रपाळीला असले शहाणे भेटतातच. हा कोन सरळ करून परत आला आणि भट्टीवाल्याला म्हणाला, "त्या बाईकडे लक्ष ठेव रे. कढत रंगात पाय घालायची."

"मघापासून ठेवलंय, मुकादम. हलतच नाही ती. शाळेच्या फाटकाशी उभी आहे."

फाटक पलीकडे. यानं तर तिला अलीकडे पाहिलं होतं.

"ओलांडून गेली असेल."

"नाही हो. मी आल्यापासून तिथेच आहे."

दोघांनी एकदमच वळून पाहिलं. दुकानासमोर एक. फाटकाशी एक. तसंच उभं राहणं. तशीच खाली मान. आणि मधला रस्ता रिकामा.

भट्टी खदखदत होती. बाकी कसलाच आवाज नाही.

साडू मला म्हणाला, "मी जाणार नव्हतो. पाय गेले." दुकानासमोर पोचला. आता चार हातांवरून दिसलं. तिच्या गळ्यात... मापाची टेप होती.



तिनं मान वर केली नाही. रस्त्याकडेच बघत होती.

"मुकादम..."

हा एक पाऊल मागे सरला.

"सकाळी तुमची मुलगी कुठून ओलांडते?"

...

"सातला निघते ना?"

...

"एकटीच असते."

हा पळाला. मागे बघितलं नाही.

तुम्हाला वाटेल, आता तरी त्यानं वळणावर पट्टे मारले असतील. नाही मारले. घाबरला म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही. भट्टीत रंग कढलेला, खिशात साहेबांच्या सहीचा नकाशा. त्यानं मनाशी ठरवलं, काम नकाशाप्रमाणे उरकायचं आणि सकाळी मुलीला स्वतः हात धरून पलीकडे सोडायचं. बापच तो, काळजी नव्हती असं कोण म्हणेल? पट्टे मारून होईपर्यंत दोघांपैकी एकानंही वळणाकडे पाहिलं नाही.

पहाटे घरी आला. बायकोला म्हणाला, "आज हिला मी सोडतो. जरा पाठ टेकतो, मला उठव." रात्रभर भट्टीच्या धगीत उभा राहिलेला माणूस. पडल्या पडल्या डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन आत आलं होतं.

"मुलगी कुठाय?"

"गेली शाळेत. इतके गाढ झोपला होतात, जीव होईना उठवायला."

अनवाणी धावला. वळण आलं. ट्रक आडवा उभा. चाकांचे काळे ओरखडे थेट फुटपाथपर्यंत. माणसांचा घोळका. चाकाखाली दप्तर... तिचंच.

हा लोकांना बाजूला सारत पुढे गेला.

मुलगी फाटकाशी उभी होती. अंगावर खरचटलेलं नाही.

"बाबा, एका काकूंनी हात धरून ओढलं मला."

"कुठायत त्या?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. घोळक्यातल्या कुणीच बाई पाहिली नव्हती. ट्रकवाला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, पोरगी एकटी होती. समोर होती... आणि नव्हती.

त्याच रात्री साडूनं वळणावर पट्टे मारले. नकाशा नाही, साहेब नाही, परवानगी नाही. भट्टीवाला न बोलावता आला. सकाळी दुकानदारानं आकांडतांडव केलं, नगरसेवक तणतणत आले, पण वस्तीतल्या आया त्या पट्ट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. पट्टे राहिले. साडूची बदली झाली जन्ममृत्यूच्या खिडकीवर. तिथून निवृत्त झाला.

सुस्कारा सोडलास का रे? बाई चांगली निघाली म्हणून? मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं.

मुलीच्या मनगटावर त्या सकाळी बोटं उमटली होती. पांढरी. चार एका बाजूनं, अंगठा दुसऱ्या बाजूनं. रॉकेलनं घासलं, दगडानं घासलं, कातडी सोलवटली पण बोटं गेली नाहीत. डॉक्टरनं भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, हे वर लागलेलं नाही, आतून आलंय. मलम दिलं. मलमानं काय होतंय!

आता ती मोठ्या शहरात नोकरी करते. तिथे चौकाचौकात सिग्नल, जागोजाग पट्टे. मागच्या महिन्यात भेटायला आली होती. लांब बाह्यांचाच कपडा घालते नेहमी. मी म्हटलं, बघू गं. तिनं बाही वर केली. बोटं होती तिथेच होती.

"दुखतं का?"

"नाही, काका."

मग तिनं बाही खाली ओढून घेतली.

"रस्त्याच्या कडेला उभी राहिले की तेवढी घट्ट होतात. पलीकडे गेले की सुटायची आधी..."

"आणि आता?"

"हल्ली लवकर सोडत नाहीत."